जिंकलेल्या डावांची तपासणी

पोकर खेळणाऱ्याला हरलेले डाव पाठ असतात. कुठल्या पानावर घात झाला, समोरच्याला रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, नेमकी कुठली पंजी लागली, त्याने त्याआधी कसा अकलेचा कांदा असल्यासारखा कॉल केला होता, म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच पैसे लावले होते, हे सगळं तो वर्षभरानंतरही रंगांसकट सांगेल. जिंकलेल्या डावाचं विचारा. 'जमलं' एवढंच उत्तर येतं, फार तर 'आतून वाटलंच होतं.' हरलेल्या डावाचं पोस्टमॉर्टेम सगळेच करतात. जिंकलेल्या डावाच्या वाट्याला मात्र पाठीवर थाप तेवढी येते. खेळातला फाजील आत्मविश्वास याच थापेवर पोसला जातो, असं माझं मत होत गेलं आहे, आणि त्याला कारण माझा भाचा.

भाचा आयटीत. कंपनी पुण्याची, पण कोविडात घरी आला तो कोल्हापुरात राजारामपुरीतच राहिला. दिवसा मीटिंगा, रात्री ऑनलाइन पोकर. टेक्सस होल्डेम म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन बंद पानं, मध्ये पाच उघडी. तीन एकदम येतात तो फ्लॉप, मग टर्न, मग रिव्हर. या सातांतून भारी पाच पानं ज्याची त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे. नियम दहा मिनिटांत कळतात, आणि गणपतीच्या जागरणात तीन पत्ती शिकलेल्या कोल्हापूरच्या पोराला तर पाचच पुरतात. खेळाची मेख तिथेच आहे. बुद्धिबळात नवशिक्या ग्रँडमास्टरसमोर बसला तर दहा डावांत दहा वेळा हरतो, म्हणून त्याला आपली जागा कळते. पोकरमध्ये पहिल्याच रात्री तो कुणालाही साफ करू शकतो. बिचाऱ्याला ही पानांची कृपा आहे हे कळायला मार्गच नसतो.

काही महिन्यांत पोराची भाषा बदलली. "मामा, ह्या लेव्हलला समोर सगळी गाढवं बसल्यात. आपला नाद करायचा नाय." ताईची काळजी पैशाची नव्हती. तो लावायचा ती रक्कम त्याच्या पगाराला सोसणारी होती. या ॲपांपायी कर्जात गेलेली माणसं आजूबाजूला आहेत, त्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर; ही ती नव्हे. ताईचं म्हणणं एवढंच की हा कुणाचं ऐकेनासा झालाय. "तूच बघ बाबा, तुझं ऐकला तर," ती म्हणाली.

मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीचं काम बघतो. ऐकून घेणं हा माझा पेशा नाही, मोजणं हा आहे. म्हणून मी भाच्याला उपदेश न करता त्याच्या डावांची नोंद मागितली. ऑनलाइन खेळाची ही एक बरी बाजू: प्रत्येक डाव वेळेसकट लिहिलेला असतो, कुणी किती लावले, कुणी कधी पानं टाकून डाव सोडला, शेवटी काय उघडलं. पोरगं हसत हसत लॅपटॉप घेऊन आलं. "तुम्ही क्वालिटीवाले ना मामा? काढा माझं रिजेक्शन."

"रिजेक्शन राहू दे," मी म्हटलं. "तुझा ओके झालेला माल दाखव."

हे त्याला विचित्र वाटलं, पण आमच्या धंद्यात ते रोजचं आहे. ब्लोहोल, श्रिंकेज, कोल्ड शट असल्या ओतकामातल्या दोषांचं रिजेक्शन तर रोज टेबलावर येतं, प्रत्येकावर हीट नंबर असतो, कारण शोधायला सगळे धावतात. भीती त्या मालाची नसते. साच्याच्या वाळूत ओल साधारण तीन ते चार टक्के पाहिजे. पावसाळ्यात एखाद्या पाळीला ती चढते आणि कुणी लक्ष देत नाही. तरीही बहुतेक कास्टिंगं, म्हणजे ओतलेले भाग, नितळ निघतात. शॉट ब्लास्टिंग होऊन चकचकीत होतात, ओकेचा शिक्का बसतो, ट्रक जातो. मग कधीतरी गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमध्ये पहिला कट बसतो आणि आतलं भोक उघडं पडतं. त्यानंतर जो फोन येतो त्यावर 'वरून तर बरं होतं की साहेब' म्हणून चालत नाही. म्हणून मुरलेला माणूस ओलीचं रजिस्टर आधी बघतो, कास्टिंगचं तोंड नंतर. माल चांगला निघाला म्हणजे काम बरोबर झालं होतं, असं धरून चालायची सोय आमच्याकडे नाही.

भाच्याने त्याचा सर्वांत लाडका डाव काढला. हातात बदामचा राजा आणि बदामची अठ्ठी. टर्नपर्यंत चार पानं उघडलेली, त्यांत दोन बदाम. पॉटमध्ये ६०० रुपये, समोरच्याने ३०० लावले. याने कॉल केला, रिव्हरला बदामची चव्वी आली, फ्लश झाला, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची. "आतून वाटलंच होतं मामा."

मी वहीचं मागचं पान घेतलं. ५२ पानांतली सहा दिसतायत, उरली ४६. त्यांत बदाम ९. म्हणजे हाच डाव ४६ वेळा खेळलास तर ९ वेळा फ्लश, ३७ वेळा काही नाही. फ्लश लागला की ९०० मिळणार, नऊ वेळचे ८,१००. नाही लागला की ३०० जाणार, सदतीस वेळचे ११,१००. हजार-दोन हजार नव्हे, ३,००० चा खड्डा, दर कॉलला साधारण ६५ रुपये. तू जिंकलास ते बरोबर. कॉल चुकीचा होता तेही बरोबर.

पोरगं हुशार आहे, गप्प बसणाऱ्यातलं नाही. "पण मामा, फ्लश लागल्यावर रिव्हरला अजून पैसे काढता येतात की." मुद्दा रास्त होता. पुढे मिळणारे पैसे धरले तर हिशेब बदलतो. मग तोही मांडला: खड्डा ३,००० चा, फ्लश नऊदा, म्हणजे प्रत्येक फ्लशमागे सरासरी आणखी ३३३ रुपये निघाले तर कुठे बरोबरी. "काढलेस का कधी?" आम्ही नोंदीत तसलेच डाव शोधत बसलो. टेबलावर तिसरं बदाम पडलं की समोरचा बहुतेक वेळा पानं टाकून मोकळा. साहजिक आहे, तीन बदाम आंधळ्यालाही दिसतात. त्यातून याला फ्लश लागला की आनंदाच्या भरात हा पॉटएवढे पैसे लावायचा, म्हणजे होता नव्हता तोही पळायचा. त्या रात्री पहिल्यांदा त्याने 'गाढवं' हा शब्द वापरला नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. त्याच्या डोक्यात हे वारं त्याने एकट्याने भरलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीबद्दल म्हटलं होतं की हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. त्या आधारावर पुढे पत्त्यांच्या प्रत्येक ॲपच्या जाहिरातीत 'कौशल्याचा खेळ' हे शब्द झळकायला लागले. पोकरमध्ये कौशल्य आहे, यात मला शंका नाही. पण न्यायालय खेळाबद्दल बोलत होतं, माझ्या भाच्याबद्दल नव्हे.

एलन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७५ चा एक प्रयोग मला या संदर्भात फार आवडतो. कचेरीतल्या लोकांना एक डॉलरची लॉटरीची तिकिटं विकली. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं ठेवलं. सोडतीआधी विचारलं, तिकीट परत विकणार का, कितीला? ज्यांना दिलेलं होतं त्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले. ज्यांनी स्वतः निवडलं होतं त्यांनी ८.६७. तिकिटं सारखी, संधी सारखी; फरक फक्त हाताचा. ऑनलाइन पोकरमध्ये तर हाताला सतत काम असतं. स्लायडर ओढा, रक्कम ठरवा, बटण दाबा. दर मिनिटाला माणूस काहीतरी निवडतो, आणि जे निवडलं त्यात आपलं डोकं लागलं अशी त्याची खात्री होत जाते.

भारी पानांवर तर विचारूच नका. दोन एक्के हातात येणं म्हणजे २२१ डावांत एकदा. एकाच माणसासमोर, त्याची पानं काहीही असोत, हे दोन एक्के शेवटपर्यंत नेले तर शंभरात ८५ वेळा जिंकतात. भाच्याला ही ८५ पाठ होती. त्यामुळे एक्के आले की तो गप्प बसायचा, सगळ्यांना स्वस्तात डावात येऊ द्यायचा, म्हणजे पॉट वाढेल. पण समोर पाच जण राहिले की तेच एक्के निम्म्या वेळाच जिंकतात. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी तो विचारत नव्हता, एवढंच. हरला की 'बॅड बीट', म्हणजे नशिबाने दगा दिला, म्हणून मोकळा. जिंकला की सापळा लावल्याचं कौतुक. दोन्हीकडून पुढच्या खेपेला सापळाच.

मग सवयी. यांत तत्त्वज्ञान काही नाही, नुसता गबाळेपणा, पण नुकसान याचंच जास्त होतं असं मला नोंदी वाचताना वाटलं. चार-चार टेबलं एकदम उघडी. प्रत्यक्ष टेबलावर बसून तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइन एका टेबलावर साठ-सत्तर, म्हणजे चारांवर अडीचशेच्या आसपास. कुणाची पानं काय होती हे बघायला वेळच नाही. स्वतः पानं टाकली की त्या डावाकडे तो पाठ फिरवायचा. ज्यांना गाढवं म्हणत होता त्यांचा एकही डाव त्याने नीट बघितलेला नव्हता. आपली पाळी यायच्या आधीच 'कितीही लावले तरी कॉल' अशी खूण करून ठेवायची सोय असते, ती तो सर्रास वापरायचा. समोरच्याकडे किती पैसे उरलेत हे न बघता लावायचा.

आणि वेळा. नोंदीवर मिनिटासकट वेळ असल्यामुळे मला काही विचारावंच लागलं नाही. रात्री साडेनऊ ते दहा हा सगळ्यांत वाईट अर्धा तास. ताईला विचारलं तर ती जेवणाची वेळ. ताट समोर, उजवा हात भाकरीवर, डावा फोनवर. एका दुपारचे डाव बघून तर मी कपाळाला हात लावला. त्या दिवशी शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना होता, मी स्वतः गॅलरीत होतो, अख्खं स्टेडियम पेटलेलं. आणि हा माझ्याच शेजारी बसून खेळत होता. कोल्हापूरचा माणूस फुटबॉलचा सामना चालू असताना खाली मान घालून बसतो, याला मी आजारच म्हणेन.

हरल्यावर माणूस बिथरतो, त्याला पोकरवाले 'टिल्ट' म्हणतात, आणि त्यावर इंटरनेटवर रग्गड सल्ले आहेत. भाच्याने ते वाचले होते. मोठा पॉट गेला की तो खरंच उठायचा, पाणी प्यायचा, गच्चीवर फेरी मारायचा. त्याचा त्याला अभिमान होता आणि तो रास्त होता. पण नोंदी वेगळंच सांगत होत्या. मोठा पॉट *जिंकल्यावर*च्या अर्ध्या तासात तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त डावांत पैसे घालायचा. सहा जणांच्या टेबलावर बरे खेळाडू शंभरातल्या वीस-पंचवीस डावांत आपणहून पैसे घालतात. हा एरवीच चाळिशीच्या घरात, आणि जिंकल्यावर त्याच्याही वर. हरण्यावर पहारा, जिंकण्याला दारं उघडी.

"जिंकल्यावर कोण उठतो मामा?" त्याने विचारलं. प्रश्न खरा होता. कुणीच उठत नाही.

मी त्याला लिब्राटसची गोष्ट सांगितली. तो सॉफ्टवेअरचा माणूस, त्याला माणसांपेक्षा यंत्राचं पटकन पटतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी हा पोकर खेळणारा प्रोग्रॅम बनवला. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कसिनोत चार कसलेले व्यावसायिक खेळाडू त्याच्यासमोर बसले. प्रत्येकाचा डाव यंत्राशी एकास एक, २० दिवस, सगळे मिळून १ लाख २० हजार डाव. रोज रात्री हे चौघे हॉटेलवर एकत्र बसून यंत्राच्या खेळातली भोकं शोधायचे. सकाळी त्या भोकांवर हल्ला करायला जायचे तर ती बुजलेली असायची. कारण रात्री यंत्रही बसलेलं असे. दिवसभरात या लोकांनी आपल्याला कुठल्या रकमा लावून अडचणीत आणायचा प्रयत्न केला, ते बघून ते त्या जागी आपला खेळ पक्का करी. समोरच्याच्या चुका हुडकण्यात त्याने रात्री घालवल्या नाहीत, स्वतःच्याच खेळाची डागडुजी केली. शेवटी यंत्र साडेसतरा लाखांहून जास्त डॉलरच्या चिपांनी पुढे होतं. मला यातली भारी गोष्ट ही वाटते की ते पुढे असतानाही रोज रात्री बसत होतं. जिंकतोय म्हणून एकही रात्र सोडली नाही. अर्थात यंत्राला ते सोपं. त्याला पाठीवर थाप कळत नाही.

ताईला यंत्राचं काही पडलं नव्हतं. ती म्हणाली, "त्यापेक्षा त्याला नळाची गोष्ट सांग." मला वाटलं ती द्यूताच्या दुष्परिणामांकडे चालली आहे. पण नळाच्या गोष्टीत एक जागा आहे, तिच्याकडे आपलं लक्ष कधी जात नाही. राज्य, बायको, रूप सगळं गमावलेला नळ बाहुकाच्या वेषात ऋतुपर्ण राजाचा सारथी झालाय. विदर्भाकडे रथ भरधाव चाललाय, दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे असं कळलंय, उशीर होऊन चालणार नाही. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. राजा नुसत्या नजरेने सांगतो की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत. बेहडा म्हणजे ज्याच्या फळांचे फासे करत, तेच झाड; रचणाऱ्याने झाड उगाच निवडलेलं नाही. नळ रथ थांबवतो. म्हणतो, मी मोजणार. राजा म्हणतो, वेळ नाही. नळ म्हणतो, घाई असेल तर दुसऱ्या सारथ्याला घेऊन पुढे जा, मी मोजून बघणार. झाड तोडतो, मोजतो. आकडा बरोबर निघतो.

मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकवतो, बदल्यात नळाकडून घोड्यांची विद्या घ्यायचं ठरतं, आणि नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. आपण कली बाहेर पडण्याला महत्त्व देतो. मी मोजण्याला देतो. जे बरोबर होतं तेच नळाने मोजलं. चूक पकडायला मोजणारे पुष्कळ. हा माणूस एकदा सगळं हरलेला होता, म्हणून आता बरोबर वाटणारी गोष्टसुद्धा न मोजता घ्यायला तयार नव्हता. ही गोष्ट बृहदश्व ऋषी वनवासातल्या धर्मराजाला सांगतात आणि शेवटी तीच विद्या त्यालाही देतात. धर्मराजाला ती द्यूताआधी कुणी दिली असती तर, हा प्रश्न आमच्या आजीला पडायचा. मला वाटतं, द्यूताआधी त्याने ती घेतलीच नसती.

भाच्याने काय काय बदललं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात चमत्कार नाही. टेबल एक. जेवताना फोन आत. आगाऊ खूण करायची सोय बंद. बटण दाबण्याआधी कारण एका वाक्यात मोठ्याने बोलायचं. हे फार दिवस टिकलं नाही, कारण ताईला वाटायचं तो ऑफिसच्या कॉलवर आहे आणि ती टीव्हीचा आवाज बंद करून बसायची. मग तो कारण लिहायला लागला. मोठा पॉट जिंकला की उठायचं, हरल्यावर उठतो तसंच. आणि आठवड्याला माझ्याकडे आणायचे ते फक्त जिंकलेले डाव.

या सगळ्याने तो लगेच जिंकायला लागला का? मुळीच नाही. पहिल्या काही आठवड्यांत पॉट कमी झाले आणि तो वैतागला. "मामा, कंटाळा येतो हो," तो म्हणाला. त्याचं ते वाक्य मी विसरलेलो नाही, कारण त्यात त्याच्या सगळ्या रोगाचं मूळ होतं. बरं पोकर म्हणजे बहुतेक वेळ पानं टाकणं. चारांतले तीन डाव तुम्ही नुसते बघत बसता. चार टेबलं उघडणं, जेवताना खेळणं, 'आतून वाटलं' म्हणून कॉल करणं, या सगळ्याची सुरुवात या कंटाळ्यातून होते. आत्मविश्वास मागाहून येतो, कारण म्हणून चिकटवलेला. मी स्वतः शंभर कास्टिंगं गेजला लावली आहेत, सगळी बरोबर, एकाही ठिकाणी काही नाही, आणि एकशे एकावं न बघताच ओके करायची इच्छा कशी होते ते मला ठाऊक आहे. गाफीलपणा आळशी माणसाला येतो असं म्हणतात. माझा अनुभव असा की चलाख माणसाला तो लवकर येतो, कारण त्याला कंटाळा लवकर येतो.

कंटाळ्यावर औषध मला देता आलं नाही. त्यानेच शोधलं: स्वतः डावात नसताना समोरच्यांची पानं ओळखायची आणि लिहून ठेवायची. किती चुकली तेही. पहिल्यांदा बहुतेक चुकली. ते त्याने मला आपणहून दाखवलं, तेव्हा मला बरं वाटलं, आणि ते त्याला कळू दिलं नाही.

याच सुमारास त्याने आणखी एक बेरीज केली, जी मी सांगितली नव्हती. आपण पुढे आहोत असं तो ज्या आधारावर म्हणत होता ते होते बँकेत परत आलेले पैसे. घातलेले पैसे कुठेच लिहिलेले नव्हते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस, वर प्रत्येक पॉटमधून ॲपवाल्याचा वाटा, म्हणजे रेक. पानं वाटायच्या आधीच बरंच काही ठरलेलं असायचं. बेरीज उणे आली. फार नाही, पण उणे. तो म्हणाला, "इतके दिवस मी मित्रांना शिकवत होतो मामा." पुढे काही बोलला नाही, मीही विषय वाढवला नाही.

मग २०२५ चा ऑगस्ट आला. संसदेने दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत, नशिबाचे असोत की दोन्हींचे. ॲपांनी पटापट पैशाची टेबलं गुंडाळली. गणपती पाच दिवसांवर होते. ताईने मोदकांचं सामान आणायला निघताना मला फोन करून बातमी सांगितली, आवाजात सणाचा आनंद आधीच. भाचा चिडला, "आत्ता कुठं मला कळायला लागलं होतं!" मला दोन्ही बाजू पटत होत्या, पण खरं सांगायचं तर ताईची जास्त. 'आत्ता कुठं कळायला लागलं' हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याच्या खिशात पैसे नसलेले बरे.

आता रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर पोकर असतं. खऱ्या पत्त्यांचं, पैशाच्या जागी चिंचोके. मी, भाचा, फाउंड्रीतले दोघे मित्र आणि शेजारचे निवृत्त तलाठी काका, जे पॉटपेक्षा गप्पांसाठी येतात. चिंचोक्यांमुळे खेळ पोरकट होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही; एक चिंचोका लांबवल्यावरून मित्रांचं जे भांडण झालं त्यापुढे कसिनो काय.

परवा भाच्याने डाव संपल्यावर वही काढली आणि विचारलं, "मामा, मी बरा खेळतो की वाईट, हे नक्की कधी कळणार?" मी म्हटलं, कर हिशेब. तो त्याच्याच प्रांतातला होता. सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांमागे होणारा चढउतार मोठ्या ब्लाइंडच्या, म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने लावायच्या रकमेच्या, साधारण ऐंशी ते शंभर पट असतो, नव्वद धरू. दहा हजार डाव म्हणजे असे शंभर गठ्ठे. सरासरीतली अनिश्चितता वर्गमुळाने घटते, शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणजे दहा हजार डावांनंतरही उत्तर नऊ ब्लाइंड इकडे की तिकडे. आणि चांगला म्हणवणारा खेळाडू शंभर डावांत मिळवतो किती, तर पाचेक. म्हणजे दहा हजार डाव खेळूनही चांगला माणूस वाईट दिसू शकतो, वाईट चांगला.

तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. "म्हणजे माझी ती उणे बेरीज पण काही सिद्ध करत नाही?"

"नाही. तुझा आधीचा तोरा पण नाही."

"आणि इथं गच्चीवर दहा हजार डाव व्हायला?"

तासाला वीस डाव, रविवारचे तीन तास. त्याने भागाकार केला. गणपती, दिवाळी, लग्नं आणि महापुराचे रविवार वजा करून साडेतीन वर्षांच्या पुढे गेलं. इतक्या वेळाने उत्तर मिळणार तेही अर्धवट. हे ऐकून कुणीही वही मिटली असती. भाच्याने आणखी एक ओळ लिहिली: तासाला वीसच डाव का होतात? आणि मान वर करून हळूच मला म्हणाला, "काका बोलतात म्हणून मामा. त्यांना घेतलं नाही तर अडीच वर्षांत होईल."

काकांना कमी ऐकू येतं, पण असलं नेमकं ऐकू येतं. त्यांनी समोरचे सगळे चिंचोके मध्ये ढकलले. "ऑल-इन," ते म्हणाले. पानं अजून वाटायची होती.